हिंजवडीचे ओढे कोणाच्या ताब्यात?

महोदय,

मुळशी तालुक्यातील हिंजवडी, माण आणि मारुंजी ही मुळात शेतकऱ्यांची गावे. एमआयडीसीने येथील शेतजमिनी संपादित करून राजीव गांधी इन्फोटेक पार्क वसवले आणि मुंबई-बंगळूर महामार्गालगतच्या या शिवाराची ओळख बदलली. रोजगार आला, ज्यांच्या जमिनी मोक्याच्या ठिकाणी होत्या त्यांच्याकडे पैसाही आला. मात्र कारभाराची घडी खेड्याचीच राहिली. उद्योग क्षेत्रातील रस्ते एमआयडीसीकडे, गावठाणाची जबाबदारी ग्रामपंचायतीकडे, तर सभोवतालच्या गृहप्रकल्पांना परवानगी देण्याचे काम २०१५ मध्ये स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे (पीएमआरडीए), अशी वाटणी झाल्यामुळे नैसर्गिक ओढ्यांची जपणूक नेमकी कोणाची, हे पावसाळ्यात रस्त्यावर गुडघाभर पाणी साचल्यावरही ठरत नाही. पूर्वी बांधाबांधाने वाहून जाणारे पाणी आता भराव आणि सीमाभिंतींना अडून रस्त्यावर येते, यात नवल ते काय!

शिवाजीनगरपर्यंतच्या सुमारे २३ किलोमीटरच्या मेट्रोमुळे वाहतुकीचा ताण काहीसा हलका होईल, पण सांडपाणी आणि पावसाचे पाणी मेट्रोने जाणार नाही. पिंपरी-चिंचवड महापालिकेत समावेशाच्या मागणीवर गावांत दोन मते आहेत, आणि करवाढीची ग्रामस्थांची भीती निराधार म्हणता येणार नाही. तो निर्णय होईल तेव्हा होवो. तोवर तिन्ही यंत्रणांनी जुन्या महसुली नकाशांवरून ओढ्यांची संयुक्त मोजणी करावी आणि अडवलेले प्रवाह पुढील पावसाळ्याआधी मोकळे करावेत, ही विनंती.

– एक वाचक, वाकड