पंखा बंद करणाऱ्या फ्रेमवाल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

दुकानात आभार मानायला गेले, तर तुम्ही 'अहो, त्यात काय' म्हणून विषयच संपवलात, म्हणून हे चारचौघांत लिहितेय. नाव मुद्दाम घालत नाही, तुम्हाला आवडणार नाही.

तुमच्याकडे आणलेलं ते चित्र अमेरिकेत, टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोत आमच्या शेजारी राहणाऱ्या आजींनी आम्ही निघताना दिलं होतं. त्यांच्या वडिलांनी रंगवलेला अलामो, म्हणजे तिथलं लढाईसाठी प्रसिद्ध असलेलं जुनं चर्च. तुमच्याआधी एका चकचकीत दुकानात दिलं, तर त्यांनी तैलरंगावर काच थेट टेकवून चौकट केली. पावसाळ्यात रंगच काचेला धरला. तक्रार घेऊन गेले, तेव्हा तिथले साहेब मोबाइलवर अलामोचा फोटो दाखवून मलाच शिकवू लागले, "मॅडम, वरची कमान उडालीये. आमचा आर्टिस्ट भरून देईल."

अहो, उडाली कसली, ती तेव्हा नव्हतीच! अमेरिकन लष्कर 1850 च्या सुमारास त्या पडक्या चर्चचं कोठार करत होतं, तेव्हा तो गोलाकार माथा चढवला गेला, वरच्या खिडक्याही त्याच वेळच्या. 6 मार्च 1836 ला मेक्सिकन सैन्याने टेक्सासच्या बंडखोरांकडून अलामो घेतलं, तेव्हा त्यांच्यातल्या, तिथेच मारल्या गेलेल्या ट्रॅव्हिसने आणि क्रॉकेटने तो माथा कधी पाहिलाच नाही. लढाईची चित्रं काढणारे भलेभलेही तो बिनदिक्कत रंगवतात. आजींच्या वडिलांनी मात्र मोडकी भिंत मोडकीच ठेवली. आणि हे तिला दुरुस्त करणार!

तुम्ही फक्त विचारलंत, "मूळचं असंच आहे ना?" मी हो म्हटलं. "मग त्याला हात नाही लावायचा."

पण मला खरं गलबलून आलं ते नंतर. चौकट उघडली, तर कॅनव्हास आणि खालच्या लाकडी पट्टीच्या सांदीत धूळ, एक मेलेली माशी आणि रंगाचे बारीक कपचे. तुम्ही उठलात आणि पंखा बंद केलात. एप्रिलची दुपार, पत्र्याचं छप्पर, बाकावर दोन गिऱ्हाइकं कुरकुरत बसलेली. त्यांना म्हणालात, "पाच मिनिटं. रंग उडेल." मऊ ब्रशने एकेक कपचा कागदावर घेतलात. बसले तेवढे तुमच्या एका मित्राने जागेवर बसवले. उरलेल्यांची पुडी बांधून वर लिहिलंत, 'आकाश, उजवीकडे'. बिलात या कशाचाच पैसा नाही.

कुणा परक्या म्हाताऱ्याच्या हातचं काम, सहीसुद्धा धड वाचता येत नाही, त्याच्यासाठी स्वतः घामाघूम व्हायचं! मोठ्या दुकानांत एसी असतो, हे कुठे असतं? अशी माणसं अजून पेठांमधून दुकानं उघडून बसलीत, म्हणून आमच्यासारख्यांचं निभावतं.

आजींना फोटो पाठवलाय. पुडी तुम्ही सांगितलंत तशी चौकटीमागे पाकिटात ठेवली आहे.

आणि हो, पुढच्या आठवड्यात माझी आतेबहीण सासऱ्यांचं तैलचित्र घेऊन येईल. त्यालाही काच लावलेली आहे. तिच्यावर ओरडू नका, दुकान तेच आहे.

तुमची कृतज्ञ,
अलामोवाली ताई