लिंबूपाण्याने उतरत नाही!

संपादक महाशय,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत घरी पार्टी देणाऱ्या यजमानांना जो सल्ला छापला आहे, तो वाचला. (रविवारची पुरवणी आम्हाला सोमवारी मिळते, त्याबद्दल शेवटी.) पाहुण्याला जास्त झाली असेल तर निघताना लिंबूपाणी नाहीतर कडक कॉफी द्यावी, म्हणजे गाडी चालवण्याइतपत उतरते म्हणे! लेखकमहाशयांच्या घरी कोणी पिऊन बसलेलं दिसत नाही कधी. कॉफीने झोप उडते, दारू उतरत नाही. यकृत तासाला जेमतेम एक छोटा पेग निकालात काढतं. लिंबू पिळा, दही चाटवा, गार पाण्याखाली उभं करा, ते आपली चाल सोडत नाही. रात्री बाराला चार मोठे पेग रिचवून उठलेला माणूस सकाळी पोहे-जलेबी खायला बसतो तेव्हाही त्याच्या अंगात ती असते. आणि कायद्याची मर्यादा आहे 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम.

आमच्या यांच्या साठीला 11 वर्षं झाली. डिसेंबरची थंडी, गच्चीवर शेकोटी, मी खाली गराडू (आमच्याकडचा थंडीतला कंद) तळतेय. नणंदेचे यजमान, म्हणजे घरचे जावई, साडेअकराला म्हणाले, "चला, सराफ्यात जाऊन गरम जलेबी खाऊ, मग तसंच घरी." म्हणजे आमच्या सुदामा नगरहून सराफा (इंदूरचा रात्रीचा खाऊबाजार), आणि तिथून थेट शहराच्या दुसऱ्या टोकाला निपानिया! हे ते बसूनच म्हणाले, कारण उठण्याचा पहिला प्रयत्न फसला होता. त्यांच्या गाडीची किल्ली मी दहालाच टीव्हीवरून उचलून तांदळाच्या डब्यात खुपसली होती. घरभर शोधाशोध. सोफ्याच्या गाद्या निघाल्या, लहान मुलांच्या खिशांची झडती झाली. शेवटी मीच म्हटलं, "भावजी, किल्ली सकाळी पोह्यांबरोबर मिळेल. आत गादी घातली आहे." "वहिनी, 30 वर्षं गाडी चालवतोय मी," ते म्हणाले, आणि ताडताड जिना उतरले (रेलिंग धरून). रिक्षाने गेले. सकाळी गाडी न्यायला आले ते पायरीवरच उभे राहिले. त्यानंतर आमच्याकडे पाणीसुद्धा घेतलेलं नाही. भाचीच्या लग्नाची पत्रिका आली, त्यावर फक्त यांचं नाव. जावयाचा अपमान केला, असं सासरची सगळी माणसं म्हणतात. म्हणोत.

पण मला डाचतं ते वेगळंच. त्याच रात्री यांच्या ऑफिसातला एक मुलगा स्कूटरने निघाला होता. बोलत नव्हता, डुलत नव्हता, ताट स्वतः उचलून मोरीत ठेवलंन. आमच्या यांनी फाटकाशी त्याला शेवटचा पेग दिला, "बाहेर गारठा आहे, घेऊन जा." मी बघत होते. घरच्या जावयाची किल्ली लपवण्यात माझी शूरगिरी संपली होती. रिंग रोडवर दुभाजकाला धडकला, गळ्याचं हाड मोडलं. देवाने वाचवला. ऑफिसात सगळे म्हणाले, रस्त्यावर खड्डा होता. आम्हीही तेच म्हणालो.

तुमच्या लेखात पोलीस आहेत, नाकाबंदी आहे, कलम 185 आणि 10 हजारांचा दंड आहे. ओतणारा कुठे आहे? आमच्याकडे मध्य प्रदेशात 1 एप्रिल 2023 पासून दारूच्या दुकानांना लागून असलेले अहाते (बसून पिण्याच्या जागा) बंद झाले. मग आता बैठक बसते कुठे, तर दिवाणखान्यात. आणि तिथे रीत अशी की आठला बाटली उघडायची, रिकाम्या पोटी खारे शेंगदाणे आणि शेव द्यायची म्हणजे तहान वाढते, आणि ताट वाढायचं बाराला. जेवण झालं की लोक लगेच उठतात, म्हणजे सगळ्यात चढलेली असते नेमकी तेव्हाच गाडी चालू होते. मी आता दाल-बाफले नऊला वाढते. ताट आलं की बाटली कपाटात. किल्ल्या आल्याबरोबर एका परडीत, सगळ्यांच्या, स्कूटरच्यासुद्धा. न पिणारा कोण ते आधी विचारते. ज्या शहराने 2017 पासून वर्षानुवर्षं स्वच्छतेत पहिला नंबर काढला, त्या शहरात ओला कचरा आणि सुका कचरा लहान पोरालाही कळतो. ओला पाहुणा आणि सुका पाहुणा वेगळा करायला काय अडचण आहे?

तर ती लिंबूपाण्याची ओळ कृपया दुरुस्त करावी, आणि पहिल्या पानावर नाही तरी पुरवणीत त्याच जागी.

आता अंकाबद्दल. उशिरा येतो ते समजू शकते, महाराष्ट्रातून येतो. पण गेल्या आठवड्यात शब्दकोड्याचं उत्तर आधी आलं आणि कोडं दोन दिवसांनी. आमचे हे ते उत्तर समोर ठेवून कोडं सोडवत बसले आणि 'एका बैठकीत सुटलं' म्हणून मलाच दाखवायला आले.

– एक जुनी वर्गणीदार, सुदामा नगर, इंदूर