कायदा झाला, आता नोटीस लावा

चि. अद्वैत यास,
अनेक आशीर्वाद.

कॅम्पसच्या आरोग्य केंद्रात गर्भपाताची गोळी मिळते ही माहिती मुलींपर्यंत पोहोचवणाऱ्या गटात तू जायला लागलास, हे बाबांना आधी कळलं आणि मला मागाहून. अवघड वाटलं असेल. पण इतकी वर्षं मेडिकलच्या काउंटरमागे उभ्या असलेल्या आईशी या विषयावर मोकळं बोललास तरी चालतं. तुझं काम मला पटलं आहे. मुलगा असून तू यात काय करणार, असं मामा म्हणाला, ते मनावर घेऊ नकोस. दिवस काही एकटीमुळे जात नाहीत, मग धावपळ एकटीनंच का करायची?

कॅम्पसवर ही गोळी देणं बंधनकारक करणाऱ्या तुमच्या कॅलिफोर्नियातल्या कायद्याचा इतिहास मी वाचून काढला. सुरुवात विद्यार्थ्यांनीच केली, हे वाचून फार बरं वाटलं. 2016 मध्ये बर्कली विद्यापीठाच्या विद्यार्थी संघटनेनं तसा ठराव केला, तो पुढे सिनेटर कॉनी लेव्हा यांच्या विधेयकापर्यंत गेला. 2018 मध्ये गव्हर्नर जेरी ब्राऊन यांनी ते परत पाठवलं. म्हणणं असं, की ही सेवा कॅम्पसबाहेर मिळतेच, अंतर सरासरी पाच ते सात मैल, ते काही फार नाही. नकाशावर बोट ठेवून मोजलं तर फार नाहीच. पण गाडी नसलेली, लेक्चर आणि नोकरी दोन्ही सांभाळणारी, उलट्यांनी हैराण झालेली मुलगी दोन बस बदलून तिथं जाणार, आणि भेटीची वेळ मिळाली नाही तर पुन्हा जाणार, तेव्हा त्या सात मैलांचे किती होतात? सॅन फ्रान्सिस्कोच्या संशोधकांनी नेमकं हेच मोजलं होतं. राज्याच्या दोन्ही सरकारी विद्यापीठांतल्या, म्हणजे कॅलिफोर्निया विद्यापीठ आणि कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठ यांतल्या, 62 टक्के विद्यार्थ्यांना सार्वजनिक वाहनानं जवळच्या केंद्रात पोहोचायला अर्ध्या तासाहून जास्त लागत होता. आणि दर महिन्याला 322 ते 519 विद्यार्थिनींना या गोळीची गरज पडत असावी, असा त्यांचा अंदाज होता.

विद्यार्थी गप्प बसले नाहीत. विधेयक पुन्हा आलं, 11 ऑक्टोबर 2019 ला गव्हर्नर न्यूसम यांनी सही केली आणि 1 जानेवारी 2023 पासून या दोन्ही विद्यापीठांच्या सगळ्या कॅम्पसवर ही सेवा देणं बंधनकारक झालं. तरी तू म्हणतोस, तुझ्या वर्गातल्या निम्म्या मुलींना याचा पत्ता नाही आणि केंद्राच्या संकेतस्थळावर ती माहिती शोधूनही सापडत नाही. मला याचं नवल वाटलं नाही. कायद्यात असलेली गोष्ट प्रत्यक्ष हातात न पडणं हे मी इथं कराडात डोळ्यांनी पाहिलं आहे.

आपल्याकडे गर्भपात 1971 पासून कायदेशीर आहे आणि या गोळ्यांनाही कधीचीच परवानगी आहे. पण 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात लहान मुलींचं प्रमाण हजार मुलांमागे 913 वरून 894 वर आलं आणि गर्भलिंगनिदानाविरुद्ध मोहीम निघाली. ती निघायलाच हवी होती. मात्र तिच्या तडाख्यात या गोळ्याही सापडल्या. या गोळ्या नऊ आठवड्यांच्या आत घ्यायच्या असतात आणि तेवढ्या दिवसांत सोनोग्राफीत मुलगा की मुलगी कळतच नाही, पण हे ऐकून कोण घेणार? बिलं, चिठ्ठ्या, तपासण्या यांचा इतका धाक बसला, की दुकानदारांनी किट ठेवणंच सोडलं. स्टॉकिस्टकडूनच माल येईनासा झाला. कुठल्याही कायद्यानं बंदी घातली नव्हती, तरी गोळी बाजारातून गेली.

त्याच काळात एक कॉलेजची मुलगी दुकानात आली. गिऱ्हाइकं होती तोवर सॅनिटरी पॅडच्या कप्प्यासमोर उभी राहिली. दुकान रिकामं झाल्यावर तिनं मोबाईल पुढे केला. त्यावर पाकिटाचा फोटो आणि खाली मैत्रिणीच्या मैत्रिणीनं लिहिलेलं, ‘पाचही एकदम घे.’ हे साफ चुकीचं! एक गोळी आधी, उरलेल्या चार 24 ते 48 तासांनी, आणि त्याही डॉक्टरनं तपासल्यावर. गर्भ नळीत राहिला असेल तर या गोळ्यांचा उपयोग होत नाही आणि नळी फुटली तर जिवावर बेततं. तीन दुकानं फिरून आली होती बिचारी. एका ठिकाणी तिला लग्न झालंय का विचारलं, एका ठिकाणी आईला घेऊन ये म्हणाले. मी ओळखीच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि तिला रिक्षात बसवून दिलं. पुढे सगळं नीट झालं.

अठरा पूर्ण झालेल्या मुलीला कायद्यानं फक्त स्वतःची संमती लागते. नवऱ्याची नाही, आईबापांची नाही. लग्न न झालेल्या बाईला लग्न झालेलीइतकाच हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं 29 सप्टेंबर 2022 ला स्पष्ट सांगितलं. तिचं नाव फोडणाऱ्याला तुरुंगवासाची तरतूद आहे. त्या मुलीला यातलं कुणी काही सांगितलं असतं, तर ती त्या पॅडच्या कप्प्यासमोर तशी उभी राहिली नसती.

म्हणून तुमच्या गटाला माझं सांगणं एवढंच, की मोर्चे आणि भाषणं यांपेक्षा नोटिशीवर जास्त वेळ घालवा. वसतिगृहाच्या स्वच्छतागृहात, दाराच्या आतल्या बाजूला लावा, म्हणजे कुणी बघत नसताना वाचता येईल. किती आठवड्यांपर्यंत गोळी मिळते, पैसे किती, उपचाराचा तपशील असलेलं विम्याचं पत्रक कुणाच्या पत्त्यावर जातं, हे त्यात हवं. भारतातून आलेल्या मुलींना या शेवटच्या गोष्टीचीच भीती जास्त असणार. सलग दोन तास, दर तासाला दोन पॅड पूर्ण भिजत असतील तर लगेच दवाखाना गाठायचा, हे मोठ्या अक्षरात लिहा आणि रात्री कुठे फोन करायचा तो नंबरही द्या. सुट्टीत केंद्र बंद असतं तेव्हा काय करायचं, ते आधी विचारून घ्या.

आणखी एक विचार. सोबत आलेल्या मित्राला बाहेर बसवून नर्स तिच्याशी एकटीशी बोलते का? नको असताना गर्भ पाडायला लावलेल्या सुना मी आपल्या भागात पाहिल्यात रे. मूल हवं असेल तर तेही तिला तितक्याच सहज म्हणता आलं पाहिजे. तुमच्याशी वाद घालायला येणाऱ्या मुलांनाही हे सांग. धर्मामुळे कुणाला हे पटत नसेल तर त्याच्याशी हुज्जत घालू नकोस, ऐकून घे आणि पुढे हो.

गोळी कशी घ्यायची हे मात्र तू कुणाला सांगत बसू नकोस, ते नर्सचं काम. कुणी तुझ्याशी बोललीच तर तिचं नाव माझ्यापर्यंतसुद्धा येता कामा नये. तू तिथं व्हिसावर आहेस म्हणून बाबांना काळजी वाटते, तेव्हा गटाचं काम विद्यापीठाच्या नियमात बसवून, रीतसर परवानगी घेऊन करा.

नोटिशीचा मजकूर तयार झाला की मला पाठव. औषधाचा भाग मी वाचून बघते, पण तुमच्या केंद्रातल्या नर्सकडून तपासून घेतल्याशिवाय छापू नका.

तुझी,
आई