कॉम्प्रेसरचं तेलकट पाणी पावसाळी गटारात कशाला?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आळंदीत इंद्रायणी फेसाळली की पेपरात फोटो येतात, आठवडाभर चर्चा होते. तो फेस आमच्यामुळे येतो असं मी म्हणत नाही, पण एमआयडीसीतल्या छोट्या शेडमधून, हवा दाबून यंत्रांना पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरचं जे दुधाळ पाणी रोज गटारात जातं त्यावर कुणी बोलतच नाही म्हणून हे पत्र. मी भोसरीत मेंटेनन्सचं काम करतो.

हवा दाबून थंड केली की तिच्यातली वाफ पाणी होऊन खाली बसते. उन्हाळ्यात हे पाणी कमी असतं, जुलै-ऑगस्टमध्ये मात्र विचारू नका. साधा हिशोब करा, १०० सीएफएमचा (मिनिटाला १०० घनफूट हवा ओढणारा) कॉम्प्रेसर तासाला १७० घनमीटर हवा ओढतो, ३० डिग्री तापमान आणि ८० टक्के दमटपणा असेल तर घनमीटरमागे २४ ग्रॅम वाफ, म्हणजे तासाला चार लिटर पाणी हवेबरोबर आत येतं आणि ७ बारच्या दाबाला दाबल्यावर त्यातलं तीनएक लिटर आफ्टरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा भाग) आणि हवेच्या टाकीतच पडतं, बाकीचं बहुतेक हवा सुकवणाऱ्या ड्रायरमध्ये. आठ तासांच्या शिफ्टला सगळं मिळून तीस लिटर झालं की! आणि १०० सीएफएम म्हणजे काही मोठं मशीन नव्हे.

नुसतं पाणी असतं तर प्रश्नच नव्हता. स्क्रू कॉम्प्रेसरमधलं थोडं तेल हवेबरोबर पुढे येतं ते ह्या पाण्यात मिसळतं, आणि हे पाणी सोडणारा ड्रेनचा पाइप सरळ भिंतीबाहेर काढलेला असतो. पावसात कुणाला दिसतही नाही. तेलकट कचरा २०१६ च्या घातक कचरा नियमांत येतो, जुनं तेल आपण अधिकृत रिसायकलरला देतो, त्याची नोंदही ठेवतो, मग तेच तेल पाण्यात मिसळलं की माफ कसं काय?

तेल आणि पाणी वेगळं करणारे ऑइल-वॉटर सेपरेटर मिळतात, त्यात तेल शोषणारा फिल्टर आणि पुढे कार्बन असतो. पण नुसता सेपरेटर आणून भागत नाही. ठरावीक वेळाने आपोआप उघडणारा टायमरवाला ड्रेन जोरात हवा सोडतो त्यात तेल-पाणी घुसळून पार ताक होतं, मग ते सेपरेटरला सुटत नाही. पाण्याची पातळी बघून उघडणारा ड्रेन लावला तर हा त्रास कमी आणि हवाही वाया जात नाही. बऱ्याच ठिकाणी तर ड्रेनचा कॉक थोडा उघडाच ठेवलेला असतो, ‘कोण सारखं बघत बसणार’ म्हणून. ७ बारला ३ मिलिमीटरचं भोक म्हणजे साडेतीन-चार किलोवॅट दिवसभर गटारात, आणि वर मालक लाइट बिलावरून आमच्यावरच ओरडणार. कॉक बंद करून विसरलात तर टाकीचा तळ आतून गंजतो, १९४८ च्या जुन्या कारखाना कायद्याच्या कलम ३१ मध्ये प्रेशर प्लांटबद्दल (दाबाखाली चालणाऱ्या यंत्रांबद्दल) सांगितलं होतं ते उगाच नाही.

मोठ्या कंपन्यांकडे ईटीपी (सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प) असतो, त्यांचं भागतं. दहा-पंधरा कामगारांच्या शेडला हा खर्च एकट्याने जड जातो हे मान्य. म्हणून एमआयडीसीने आणि उद्योजकांच्या संघटनांनी निदान ब्लॉकप्रमाणे हे पाणी ड्रममध्ये गोळा करून न्यायची सोय करावी, आणि तपासणीला येणाऱ्या साहेबांनी एकदा शेडच्या मागच्या भिंतीकडेही चक्कर मारावी, पाइप तिथेच असतो.

आपला,
एक मेंटेनन्सवाला, भोसरी