कूलर एकाचा, सील अख्ख्या लेआऊटला?

मा. केंद्रीय दळणवळण मंत्री यांस,
सप्रेम नमस्कार.

नागपुरात मानेवाड्याकडच्या काही लेआऊटमध्ये मी घरोघरी इंटरनेट पुरवतो. गेल्या पावसाळ्यात एका सीए बाईंचा सकाळीच फोन आला, "दादा, क्लायंटचं पोर्टल उघडतच नाही, मोबाइलच्या नेटवर उघडते." दुपारपर्यंत असे वीसेक फोन झाले. आमचा २५६ आयपी पत्त्यांचा (इंटरनेटवर जोडणी ओळखायच्या क्रमांकांचा) पूर्ण गट कुठल्याशा परदेशी कंपनीने अडवला होता. कारण निघालं एका किराणा दुकानातल्या कॅमेऱ्यांचा डीव्हीआर, म्हणजे चित्रण साठवणारा डबा. पासवर्ड कारखान्यातून आला तोच, आणि त्यामुळे कुणीतरी ताबा घेतलेला हा पठ्ठ्या रात्रभर जगभरच्या संगणकांची दारं ठोठावत होता. २०१६ साली 'मिराई' नावाच्या घातक प्रोग्रामने असल्याच साठेक तयार नाव-पासवर्डच्या जोड्या वापरून लाखो उपकरणं ताब्यात घेतली होती.

अडवणाऱ्याला तरी काय बोलणार? माझ्या सर्व्हरवर रात्रभर हेच चालतं. वैतागून मीही काही देशांचे गट बंद केले होते. मग एका काकांचा जर्मनीतला मुलगा घरचा कॅमेरा बघू शकेना, तेव्हा मुकाट्याने उघडले. रशियाने २०१८ मध्ये टेलिग्राम बंद पाडायला लाखो पत्ते अडवले. भलत्याच सेवा कोलमडल्या, टेलिग्राम चालूच राहिलं.

आपल्याकडे डेंग्यूच्या दिवसांत महापालिकेची माणसं कूलर तपासतात. अळ्या सापडल्या तर त्या घरचा कूलर रिकामा करतात, लेआऊटला कुलूप लावत नाहीत. इथेही तेच व्हावं. पण घर सापडायला तर हवं! जुन्या पद्धतीचे पत्ते जगात मिळून जेमतेम ४३० कोटी, त्यांचा जागतिक साठा २०११ मध्येच वाटून संपला. म्हणून माझ्याकडे एका पत्त्यामागे चाळीसेक घरं आहेत. तक्रारीत नुसता पत्ता आणि तारीख असली की मी चाळीस दारांपुढे उभा. सेकंदापर्यंतची वेळ आणि पोर्ट क्रमांक (एकाच पत्त्यामागच्या जोडण्या वेगळ्या ओळखायचा आकडा) मिळाला, तर नोंदवहीतून दहा मिनिटांत घर सापडतं.

आपल्याकडे २०१७ पासून बाधित उपकरणांची सूचना देणारं सरकारी सायबर स्वच्छता केंद्र आहे. तिथली सूचना पोर्टसकट, त्याच दिवशी, माझ्यासारख्या शेवटच्या पुरवठादाराच्या हाती पडेल असं बघा. पाठवणाऱ्याचा खोटा पत्ता लावून बाहेर जाणारं पॅकेट (माहितीचा तुकडा) पुरवठादाराच्या दारातच अडवायची रीत २००० सालापासून लिहून ठेवलेली आहे; ती परवान्याची अट करा आणि तपासाही. मोठ्या कंपन्यांना गट अडवायचाच असेल, तर किती दिवसांसाठी ते लिहावं आणि उठवायला फोन उचलणारा माणूस ठेवावा. आमचा गट सुटायला अकरा दिवस लागले. त्यातले नऊ नुसती स्वयंचलित उत्तरं वाचण्यात गेले.

दुकानदाराने पासवर्ड बदलला आहे. नवा पासवर्ड म्हणजे दुकानाच्या पाटीवरचा मोबाइल नंबर. उद्या पुन्हा जाऊन येतो.

आपला,
एक छोटा इंटरनेट पुरवठादार, नागपूर