मुद्रितशोधक काकांना जाहीर पत्र

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

कादंबरीची दुसरी आवृत्ती निघते आहे. पहिल्या वेळी ‘ऋणनिर्देशात नाव नको, मी पानामागे पैसे घेणारा माणूस’ असं म्हणत तुम्ही स्वतःचं नाव लाल शाईने खोडलंत आणि बाजूला ‘गाळा’ची खूण केलीत. म्हणून या पत्रातही तुमचं नाव लिहीत नाही. आभार मात्र जाहीरच मानायचे आहेत. कादंबरी कशी घडते हे आम्ही लेखक व्यासपीठांवरून रंगवून सांगतो, त्यात तुमच्यासारखी माणसं कुठेच नसतात. अस्वस्थता असते, अनुभवाची धग असते, पात्रं लेखकाचा हात धरून लिहून घेतात वगैरे. (माझ्या पात्रांनी आजवर काही लिहून घेतलेलं नाही. ती बसून राहतात, मलाच उठावं लागतं.)

तुमच्याकडे संहिता आली ती ऱ्हस्व-दीर्घ बघायला. ते तुम्ही बघितलंतच. पण समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात प्रश्नही होते, आणि माझी कादंबरी खरी तिथे लिहिली गेली.

पहिला प्रश्न अजून पाठ आहे. कादंबरीतले आजोबा ‘गिरणीत कामाला’ होते, एवढंच मी लिहिलं होतं. तुम्ही विचारलंत, ‘कोणत्या खात्यात? साचाखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, असतील तर हे घर वेगळं, सूत कातायच्या खात्यात असतील तर वेगळं.’ मी फोन केला तेव्हा तुम्ही वीसेक मिनिटं धोट्यावर, मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या साधनावर, बोललात. त्यातली सुताची कांडी संपली की नवी कांडी घालायची आणि धाग्याचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यायचं. तोच धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागणार, म्हणून विणकामाच्या खात्यात अस्पृश्य कामगारांना घेत नसत, आणि जास्त मजुरी तर तिथेच मिळायची. मुंबईतल्या १९२८च्या गिरणी संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे लावून धरला होता. हे सगळं पुस्तकांत आहे, मी वाचलेलंही होतं. पण वाचलेलं माझ्या आजोबांच्या तोंडापर्यंत पोचलं नव्हतं. त्या एका प्रश्नाने आजोबांना खातं मिळालं, खात्यामुळे पगार ठरला, पगारामुळे खोली ठरली, आणि ते आयुष्यभर दुसऱ्याच्या हातचं पाणी प्यायच्या आधी क्षणभर का थांबतात, हेही कळलं. तिसरं प्रकरण मी पहिल्यापासून पुन्हा लिहिलं.

दुसरा प्रश्न संपाचा. वडील एका ठिकाणी म्हणतात, ‘संप मागे घेतला त्या दिवशी मी गावाला होतो.’ समासात तुमचे दोनच शब्द होते : ‘कोणी? केव्हा?’ १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेला, मुंबईतल्या अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगारांचा तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, हे गिरणगावात कुणालाही विचारलं तरी सांगतील. दुसऱ्या एखाद्याने ते वाक्य काढायला सांगितलं असतं. तुम्ही म्हणालात, ‘वाक्य राहू द्या, माणूस असंच बोलतो. फक्त घरातल्या कुणालातरी विचारू द्या.’ मग मुलगी विचारते, ‘कुठल्या दिवशी?’ आणि वडिलांना उत्तर देता येत नाही. वाचकांची पत्रं येतात ती बहुतेक याच पानाबद्दल. श्रेय मी घेते, काय करणार.

शिवाय तो तक्ता होता. पाठकोऱ्या कागदावर तुम्ही कादंबरीचं कॅलेंडर आखलं होतंत : कोण केव्हा जन्मलं, कुणाचं लग्न कुठल्या साली, कोणत्या प्रसंगी पाऊस आहे, कुठला दिवस सोमवार आहे. कादंबरीकाराने असा तक्ता लिहायच्या आधी करावा की नंतर, यावर आपलं एकमत झालं नाही. मला आजही वाटतं, आधी केला की पात्रं वेळापत्रकाने वागायला लागतात. तुम्हाला हे आळशीपणाचं समर्थन वाटतं.

संपादक श्री. पु. भागवतांनी ‘सत्यकथा’ मासिकात आणि ‘मौज’ प्रकाशनात लेखकांच्या संहितांवर किती बारकाईने काम केलं, याच्या आठवणी अनेकांनी सांगितल्या आहेत. ‘सत्यकथा’ही १९८२मध्येच बंद झालं. आज संपादक नेमणं बऱ्याच प्रकाशकांना परवडत नाही, म्हणून ते काम न मागता, न सांगता मुद्रितशोधकाकडे येऊन पडतं आणि पैसे मात्र पानामागे, शुद्धलेखनाचेच मिळतात. हे मला बरोबर वाटत नाही.

व्यवहाराचं तर तुम्हीच शिकवलंत. करारावर सही करायच्या आधी तुम्ही विचारलंत, ‘मानधन छापील किमतीवर की हाती आलेल्या रकमेवर?’ मला फरकच माहीत नव्हता. समजा ४०० रुपये किंमत, ५०० प्रतींची आवृत्ती आणि दहा टक्के. सगळ्या प्रती खपल्या तरी छापील किमतीवर २०,००० रुपये होतात. वितरक आणि दुकानदारांची ४० टक्के सूट वजा करून उरलेल्या रकमेवर धरले तर १२,०००. कित्येक वर्षांच्या कामाचे. मग मुदतीचं कलम. करारात मुदत लिहिलेलीच नव्हती. लेखक घाबरतो, हक्क कायमचे गेले म्हणून. स्वामित्वहक्क कायदा १९५७चं कलम १९ तुम्ही मला वाचून दाखवलंत : हक्क दिले पण मुदत लिहिली नाही, तर ती पाच वर्षांचीच धरतात. माझ्या आधीच्या एका पुस्तकाचा हिशेब एका प्रकाशकाने कधी दिलाच नव्हता. ते पुस्तक परत मागता येतं, हे मला त्या दिवशी कळलं. मागितलं, मिळालं.

आणि शेवटचा फर्मा. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांत छापतात, मजकूर त्या हिशेबात बसेना, पाच पानं कोरी राहत होती. प्रकाशकांनी सुचवलं, एखादं उपसंहारासारखं प्रकरण जोडा. मी जोडणारही होते. तुम्ही म्हणालात, ‘कोऱ्या पानांवर त्यांना त्यांच्या पुस्तकांच्या जाहिराती टाकू द्या.’ टाकल्या. कादंबरी जिथे थांबायची तिथेच थांबली.

नवी संहिता पुढच्या महिन्यात पाठवते आहे. साडेतीनशे पानं होतील, कोकणातल्या एका आंबा बागायतदार कुटुंबाची गोष्ट आहे, तेव्हा मोहोर, फवारणी, दलाल यांचे प्रश्न आत्तापासून काढून ठेवा. प्रकाशकांशी बोलून घेतलं आहे : शुद्धलेखनाचे पानामागे वेगळे, संपादनाचे वेगळे, आणि आतल्या पानावर ‘संपादन’ या शब्दापुढे तुमचं नाव. या वेळी खोडलंत तर मी ‘राहू द्या’ची खूण करून पान परत पाठवीन.

काकूंना नमस्कार.

तुमची,
एक कादंबरीकार