जुने कॉम्प्युटर भंगारात घालू नका

संपादक साहेब, सोलापुरात हल्ली जुने कॉम्प्युटर, मोडेम, फ्लॉपीचे डबे किलोवर भंगारात चाललेत, बघून लई वाईट वाटतं म्हणून लिहितोय. 1978 मध्ये शिकागोत वॉर्ड ख्रिस्टेन्सन आणि रँडी स्यूस यांनी पहिलं डायल-अप बुलेटिन बोर्ड, म्हणजे मोडेमनं फोन लावून निरोप ठेवायचा-वाचायचा कॉम्प्युटरवरचा फळा, चालू केलं, लाइन एकच, एका वेळी एकच माणूस आत, तो निघाला की दुसऱ्यानं फोन लावायचा, आणि तरी लोक एकमेकांचे निरोप वाचून सावकाश उत्तरं लिहायचे, मला तर हे अजूनही भारी वाटतं. आपल्याकडे सामान्य लोकांसाठी इंटरनेट 15 ऑगस्ट 1995 ला आलं, तेही डायल-अपच, मधेच घरात कुणी फोन उचलला की सगळं तुटायचं. 1.44 एमबीच्या फ्लॉपीत आज मोबाईलचा एक फोटो मावणं मुश्किल, तेव्हा आख्खा प्रोजेक्ट बसायचा. फ्लॉपीतला डेटा चुंबकीय असतो, नुसता पडून पडूनही खराब होतो, म्हणून घाई आहे. गिरणीच्या भोंग्याची आठवण काढणारं आपलं गाव, मग एखाद्या कॉलेजनं किंवा वाचनालयानं एक खोली द्यावी, मशिनी चालू करून ठेवाव्यात, पोरांना हात लावू द्यावा. दुरुस्तीला जुनी मेकॅनिक मंडळी अजून आहेत, त्यांना आत्ताच विचारा.

– एक वाचक, सोलापूर